पाचवा बिल्ला

आमच्या घरात कुणी नुसता ‘किल्ला’ हा शब्द उच्चारला तरी बाबा बसल्या जागी ताठ व्हायचे. कॉलेजच्या दिवसांत त्यांनी नाशिककडचे सगळे डोंगरी किल्ले पायी पालथे घातले होते, आणि टेक्ससमधल्या शुगर लँडच्या त्या परातीसारख्या सपाट मुलखात येऊन पडल्यावर त्यांना सगळ्यात जास्त उणीव कशाची भासत असेल तर ती चढाची. ऑफिसात ते दिवसभर पाइपलाइनींचे नकाशे बघायचे, संध्याकाळी रेघ मारल्यासारख्या सरळ फुटपाथवरून फिरून यायचे आणि म्हणायचे, ‘‘या गावात माणसाला दम लागायची सोयच नाही.’’ त्या दिवाळीत त्यांनी मागच्या अंगणात मातीचा किल्ला केला, त्यावर हळीव पेरले, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्याने तो बालेकिल्ल्यापासून उकरून काढला. त्या दुःखातून ते पुरते सावरले नव्हते, तोच ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की चार तासांच्या ड्राइव्हवर एक फोर्ट आहे, इथे पहिल्यांदा वस्ती करायला आलेल्या लोकांनी बांधलेला. बाबांनी त्याच दिवशी कंप्युटरवरून रस्त्याचे कागद छापून आणले. शनिवारी आम्ही चौघांनी निघायचं ठरलं.

चौघं म्हणजे बाबा, आई, मी आणि बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, अभ्यासात हुशार आणि मनाने वाईट. हे शेवटचं मी उगाच लिहीत नाही. आता आईच्या तेव्हाच्या वयाची झाल्यावर त्या मुलीकडे बघते तेव्हा मला तिची कीव येते, पण ती चांगली होती असं काही मला म्हणवत नाही. आई नाशिकला कॉलेजात गणित शिकवायची. अमेरिकेत आल्यावर तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, तेव्हा तीन वर्षं तिने पोळ्या केल्या, मला अल्जिब्रा शिकवलं आणि लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणून डायनिंग टेबलावर एकटीच गणितं सोडवली. शेवटी तिला युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली, जानेवारीपासून क्लासेस सुरू होणार होते. त्या पत्राची घडी तिने देवघरात ठेवली होती. आणि मला तिने कबूल केलं होतं की त्याआधी डिसेंबरात नाही तर निदान जूनपासून दोन महिने तरी मला नाशिकला पाठवील, माझ्या जुन्या मैत्रिणींकडे. मग सप्टेंबरात एका संध्याकाळी बाबांनी आत्याच्या तिकिटाची गोष्ट काढली आणि त्यातून मला कळलं की आपल्याकडे बाळ येणार आहे. युनिव्हर्सिटीचं पत्र देवघरातून कुठे गेलं ते मी विचारलं नाही. जून कॅन्सल झाला हे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही.

मला ते बाळ नको होतं. सरळ सांगायचं तर एवढंच आहे. आईला ओकाऱ्या व्हायच्या, तेव्हा मी टीव्हीचा आवाज वाढवायची. आत्या आली आणि घराचा सूरच बदलला. सकाळी साडेपाचला तिचं स्तोत्र सुरू व्हायचं, त्यामागे कुकरच्या शिट्ट्या, मग खलबत्त्यात वेलदोडे कुटल्याचा ठक ठक आवाज, आणि दिवसभर ‘रेवती, वाकू नकोस’, ‘रेवती, हात वर करू नकोस’. आई ‘हो ताई’ म्हणायची आणि वाकायची. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, साजूक तुपातला शिरा; घरात येणाऱ्या त्या वासांत माझ्यासाठी काही नव्हतं असं मला वाटायचं, आणि तसं वाटत असतानाच मी ते सगळं खायची.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब दुसऱ्या राज्यात मूव्ह होत होतं, त्यांनी त्यांच्या मुलाचा लाकडी पाळणा आम्हाला देऊन टाकला. बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणला म्हणून आत्याने आधीच नाक मुरडलं होतं. बाबांनी स्क्रू आवळले आणि सगळं नीट बसलंय का बघायला एक झोका दिला. आत्या कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

‘‘विजू, हात काढ! रिकामा पाळणा हलवतात का कधी?’’

‘‘अगं, टेस्ट करतोय.’’

‘‘काही टेस्ट नको. रिकामा पाळणा हलवला की ज्याच्यासाठी आणलाय त्याला बाधतं.’’

वरवंटा आमच्या घरात नव्हता, मिक्सर होता. म्हणून आत्याने लाटणं घेतलं, नॅपकिनमध्ये बाळासारखं गुंडाळलं आणि पाळण्यात ठेवलं. चुकून कुणाच्या हातून हलला तर लगेच आत काहीतरी ठेवायचं, दगड नाही तर लाकूड चालेल, पण रिकामा सोडायचा नाही, असं तिने आम्हा सगळ्यांना बजावलं.

‘‘ताई, याला काही लॉजिक आहे का हो?’’ आई हसून म्हणाली.

‘‘लॉजिक तुमच्या कॉलेजात,’’ आत्या म्हणाली. ‘‘पाळण्याला नसतं.’’

आई हसत होती. मी हसले नाही. मी ती माहिती नीट जपून ठेवली.

शनिवारी आम्ही उजाडता उजाडता निघालो. आत्याने तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, गुळपापडीच्या वड्या आणि चहाचे दोन थर्मास अशी शिदोरी बांधली होती. वाटेत काही मिळतं यावर तिचा विश्वास नव्हता. आईने गळ्याभोवती तिची केशरी ओढणी गुंडाळली होती, बारीक आरसे लावलेली. नाशिक सोडताना तिच्या वर्गातल्या मुलींनी वर्गणी काढून दिलेली. वर बाबांचं ढगळ जॅकेट, त्यामुळे पोट दिसत नव्हतं. हायवे सोडल्यावर धुकं लागलं. टेक्ससमध्ये असं धुकं मी तोवर पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून मोकळी झालेली शेतं असणार, पण आम्हाला दिसायचं फक्त कुंपणाची तार आणि मधूनच एखादी गाय, तीही अर्धीच. पाण्याची उंच टाकी हवेत नुसती तरंगल्यासारखी येऊन गेली. बाबा छापील कागद स्टिअरिंगवर धरून वाचत होते, आई म्हणत होती की मी वाचते, तुम्ही समोर बघा. आत्या जपमाळ ओढत होती. साडेदहा वाजले तरी उन्हाचा पत्ता नव्हता.

आणि मग तो किल्ला आला. बाबा गाडीतून उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. समोर एक मोकळं मैदान, त्यात उभे रोवलेले ओंडके, वरून पेन्सिलीसारखे तासलेले, एकाला एक चिकटून. दोन कोपऱ्यांत दोन लाकडी मचाणवजा खोल्या. ना बुरूज, ना खंदक, ना डोंगर.

‘‘बाबा, धिस इज नॉट अ फोर्ट,’’ मी म्हणाले. ‘‘धिस इज अ फेन्स.’’

‘‘कोंडवाडा आहे हा विजू,’’ आत्या गाडीतूनच म्हणाली.

बाबांना हसू आलं, पण त्यांचा चेहरा पडला होता. तरी त्यांनी वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. किल्ला म्हटला की ते हे करायचेच. पार्किंगमध्ये दुसरी एकही गाडी नव्हती. वारा नव्हता, पाखरू बोलत नव्हतं, आणि आमच्या बुटांखालची खडी इतकी वाजत होती की आम्ही आपोआप हळू चालायला लागलो.

दाराच्या आत एक बाई उभी होती. पायघोळ करड्या रंगाचा झगा, वर एप्रन, डोक्यावर चेहरा झाकणारी कापडी टोपी. अशा जागी लोकांना जुन्या काळातली माणसं बनवून उभं करतात हे मला शाळेच्या सहलीमुळे माहीत होतं, पण सहलीतली माणसं मधूनच डोळा मारायची. ही बाई मारत नव्हती. तिने आम्हाला विचारलं, नदीला पाणी फार होतं का, गाडीचे बैल कसे आहेत. बाबांनी इंग्रजीत काहीतरी गमतीचं उत्तर दिलं, त्यावर ती हसली नाही. म्हणाली, आत येणाऱ्या प्रत्येकाला बिल्ला घ्यावा लागतो. जाताना तो दारातल्या खिळ्याला परत अडकवायचा. संध्याकाळी दार लावायच्या आधी बिल्ले मोजतात, म्हणजे कोण आत, कोण बाहेर राहिलं ते कळतं. ते लाकडाचे गोल तुकडे होते, मधे भोक पाडलेले, सुतळीत ओवलेले. तिने आमच्याकडे बोट करत मोजलं आणि हातावर ठेवले. बाबांना एक, आत्याला एक, मला एक, आईला एक. मग आईलाच आणखी एक.

‘‘वुई आर फोर,’’ बाबा म्हणाले.

‘‘फाइव्ह,’’ ती बाई म्हणाली.

आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. तिने माझं मनगट धरलं. ‘‘हिने काय मोजलं गं? पोटातलं मोजत नाहीत म्हणावं.’’ आता मला वाटतं, त्या बाईला आईच्या चालण्यावरून कळलं असेल, बायकांना कळतं. पण त्या वेळी माझ्या अंगावर सरसरून काटा आला, कारण गेले दोन महिने आपण चौघंच आहोत असं मनात धरून बसलेली मी एकटीच होते, आणि तिने ते खोडून काढलं होतं. आईने पाचवा बिल्ला जॅकेटच्या खिशात टाकला.

बाई आमच्याबरोबर फिरली. आत ओंडक्यांच्या भिंतीला पाठ लावून पाचसहा लाकडी खोपटं होती. तिने त्या लोकांची गोष्ट सांगितली: एका सकाळी पुरुषमाणसं शेतावर गेलेली, मोठं दार उघडंच राहिलेलं, आणि बाहेर घोड्यांवरून माणसं येऊन उभी राहिलेली. कोण मेलं, कुणाला उचलून नेलं, कोण नदीकाठच्या झाडीत लपून वाचलं. ज्यांची ती जमीन आधीपासून होती, त्यांच्याबद्दल तिने एक वाक्यही सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलं तेव्हा ती ऐकू न आल्यासारखी पुढे चालू लागली. शेवटचं खोपट दोन खोल्यांचं होतं, दोन्हींच्या मधून आरपार मोकळा बोळ. पुढच्या दारातून वाकून बघितलं तर चुलाणापाशी एक पाळणा दिसला. तळाला वाकवलेल्या फळ्या लावलेली साधी पेटी, लाकूड हात लागून लागून काळं झालेलं. ‘‘यात झोपले त्यातले थोडेच मोठे झाले,’’ बाई म्हणाली. आईने त्या पाळण्याकडे बघितलं आणि विचारलं की त्यांच्या आया किती वर्षांच्या असायच्या. बाई म्हणाली, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

आम्ही मधल्या मैदानात बाकावर बसून पुऱ्या खाल्ल्या. धुकं भिंतीवरून आत उतरल्यासारखं वाटत होतं. लोणच्याचा आणि ओल्या लाकडाचा वास एकमेकांत मिसळला होता. बाई कुठे गेली ते कळलं नाही. जेवण झाल्यावर बाबा मचाणावर चढले, किल्ल्यावर आलो तर निदान चार पायऱ्या तरी चढू म्हणून. आत्या गुडघे चोळत बाकावरच बसली. आई म्हणाली, मी जरा पाय मोकळे करते. मी थोडा वेळ सुतळीतला बिल्ला बोटाभोवती फिरवत बसले, मग कंटाळून उठले.

मी त्या शेवटच्या खोपटाकडे कशाला गेले? खरं सांगायचं तर पाळण्यासाठीच गेले. मनात नेमकं काय होतं ते मला तेव्हाही शब्दांत मांडता आलं नसतं, पण पाय बरोबर तिकडेच वळले. दार ठेंगणं होतं, वाकून आत शिरले. आत अंधार, थंडगार राख, आणि जुन्या चरबीचा एक वास. डोळे सरावायला क्षणभर लागला. मग मला दिसलं की पाळणा हलतोय.

आत कुणी नव्हतं. वारा नव्हता हे मी आधीच लिहिलंय. पाळणा जोरात नाही, पण हलत होता. एका बाजूला कलायचा, थांबल्यासारखा व्हायचा, मग दुसऱ्या बाजूला. फळीचा जमिनीवर कर्र कर्र आवाज येत होता. पळावं असं वाटलं, पण मी तिथेच उभी राहिले. तो आवाज हळूहळू कमी होत होता आणि आता थांबणार असं दिसत होतं, आणि तेवढ्यात मी पुढे झाले आणि पाळण्याच्या कडेवर पाय ठेवून त्याला जोरात झोका दिला. मग आणखी एक. मग आणखी. हे चुकून झालं नाही, नजर चुकवून झालं नाही, आत्याने सांगितलेलं शब्दन् शब्द आठवत मी तो रिकामा पाळणा हलवला. मला वाटलं, कुणीतरी आधीच सुरू केलंय, मी फक्त साथ देतेय.

बोळाच्या बाजूच्या दारात सावली पडली. आई उभी होती. तिच्या हातात मनगटाएवढं जाड सरपणाचं लाकूड होतं. मला वाटलं ती आता मला मारणार. आईने मला आयुष्यात कधी हात लावला नव्हता, पण त्या क्षणी मला ते अगदी योग्य वाटलं, मी डोळे मिटून उभी राहिले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती खाली बसली होती आणि एका हाताने पाळणा थांबवत होती. मग तिने गळ्यातली केशरी ओढणी सोडली, ते लाकूड तिच्यात गुंडाळलं, खिशातून तो पाचवा बिल्ला काढून घडीत खोचला, आणि ते गाठोडं पाळण्यात ठेवलं. वर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच बसली. ओढणीचे आरसे त्या अंधारातही थोडे चमकत होते.

‘‘रिकामा नको,’’ ती म्हणाली.

‘‘आई, तो आधीपासूनच…’’

‘‘मनू, गप्प. चल बाहेर.’’ दाराशी येऊन ती थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘आत्यांना सांगू नकोस.’’

जाताना दारात ती बाई पुन्हा उभी होती. आम्ही खिळ्यांना बिल्ले अडकवले. एक, दोन, तीन, चार. पाचवा खिळा मोकळाच राहिला. बाईने बोटाने मोजलं आणि अगदी सहज, भाजीवाली सुट्टे मोजते तशा आवाजात म्हणाली, ‘‘देन वन ऑफ यू इज स्टिल इनसाइड.’’

बाबा हसले. म्हणाले, कुठेतरी पडला असेल, सॉरी. आई गाडीकडे चालायला लागली होती. मी गाडीच्या मागच्या काचेतून तो किल्ला धुक्यात जाईपर्यंत बघत होते, आणि माझी खात्री पटली होती की ती बाई खरं बोलत होती. वाटेत आत्याने विचारलं, ‘‘रेवती, ओढणी कुठे गेली तुझी?’’ आई म्हणाली, ‘‘राहिली बहुतेक.’’ बाबा लगेच गाडी वळवायला निघाले. ‘‘नको,’’ आई इतक्या मोठ्याने म्हणाली की ब्रेक लागला. थर्मासातला चहा तसाच परत आला.

तीन आठवडे गेले असतील. शाळेतून आले तर घराचं दार आत्याने उघडलं, आणि तिच्या तोंडावरून मला कळलं. बाबा आणि आई हॉस्पिटलमध्ये होते. दोन दिवसांनी आई परत आली ती भिंतीला धरून चालत. बाळ नव्हतं. मुलगा होता, एवढं आत्याकडून ऐकलं. पाळणा बाबांनी स्क्रू काढून गराजमध्ये ठेवला. लाटणं स्वयंपाकघरात परत आलं आणि आत्याने त्याने पुन्हा कधी पोळी लाटली नाही, नवं आणायला लावलं. जानेवारीत आई युनिव्हर्सिटीत जाऊ लागली. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. मी जूनमध्ये नाशिकला गेले. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं, नेमकं मागितलं तसं, आणि मी ते कुणाला सांगू शकत नव्हते. कर्र कर्र असा फळीचा आवाज कुठेही आला की माझे हात गार पडायचे. त्या पाळण्यात कुणीतरी होतं, त्याने मला बोलावलं आणि मी गेले, असं मी पुढची कितीतरी वर्षं मानत होते. इंजिनिअरिंग शिकताना मानत होते, नोकरी करताना मानत होते. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

माझी मुलगी जन्मली तेव्हा आम्ही अमेरिकेच्या ईशान्येकडच्या श्रूजबरीला राहत होतो. बारशासाठी आईबाबा टेक्ससहून आले. सकाळी अकराची वेळ, बाहेर बर्फावर लख्ख ऊन. बाबा बाहेरच्या खोलीत जावयाला फुगे कसे बांधायचे ते शिकवत होते. आतल्या खोलीत तिथल्या मराठी मंडळातून आणलेला पाळणा फुलांनी सजवून ठेवला होता, आणि मी दाराच्या चौकटीत मुलीला छातीशी धरून उभी होते. मला आत पाऊल टाकता येईना. आईने माझ्याकडे एकदा बघितलं, स्वयंपाकघरातून लाटणं आणलं, नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि पाळण्यात ठेवलं.

‘‘आता ये,’’ ती म्हणाली.

माझा बांध तिथे फुटला. मी सगळं सांगितलं: मला ते बाळ नको होतं, मला आत्याचं म्हणणं पाठ होतं, मी मुद्दाम तो पाळणा हलवला, तुझं बाळ माझ्यामुळे गेलं. आईने मला मधे थांबवलं नाही. माझं संपल्यावर तिने मुलीला माझ्याकडून घेतलं आणि पलंगावर बसली.

‘‘त्याच्या हृदयात दोष होता मनू. डॉक्टर म्हणाल्या होत्या, तो पहिल्यापासूनचा. तू कधी विचारलं नाहीस, मला वाटलं तुला त्याचं काही नाही.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘तू आत गेलीस तेव्हा तो हलत होता ना?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी आले तेव्हा माझ्या हातात काय होतं?’’

‘‘लाकूड.’’

‘‘मग? तुला मी बघायच्या आधीच ते माझ्या हातात कशाला असेल?’’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी त्या लाकडाला फक्त घाबरले होते.

‘‘मीच तो पाळणा हलवून बोळातून बाहेर पडले होते,’’ आई म्हणाली. तिचा आवाज वर्गात गणित समजावताना लागतो तसा सपाट होता, आणि हात मुलीच्या पाठीवर थोपटत होता. ‘‘ती बाई म्हणाली, त्या आयांची नोंद कुणी ठेवली नाही. माझ्या डोक्यात ते युनिव्हर्सिटीचं पत्र. दोन झोके दिले. पाच पावलं बाहेर गेले आणि आत्यांचं ते लाटणं आठवलं. सरपणाच्या ढिगातून लाकूड उचललं आणि धावत परत आले, तर तू. मला वाटलं, माझं पाप तुझ्या पायाने पुढे चाललंय. लॉजिक नाही हे मला कळत होतं गं. तरीही.’’

‘‘तुलाही नको होतं?’’

‘‘दोन झोक्यांपुरतं,’’ आई म्हणाली. ‘‘पण तेवढ्यापुरतं अगदी खरं.’’

आम्ही दोघी रडलो, आवाज बाहेर जाणार नाही इतपत. मला तिचा राग आला, हेही लिहायला हवं. एका वाक्यात ती मला केव्हाच सोडवू शकली असती. मग लक्षात आलं की मलाही तेच करता आलं असतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजायला लागला. नाशिकहून आत्याचा व्हिडिओ कॉल. तिला आता नीट दिसत नाही, तरी फोन नाकाला लावून ती बारसं बघणार होती.

‘‘रेवती, पाळणा दाखव आधी. आत काही ठेवलंय ना?’’

‘‘ठेवलंय ताई.’’ आईने फोन पाळण्यावर धरला. ‘‘लाटणं आहे बघा.’’

‘‘हं. आणि रिकामा कुणी हलवला नाही ना?’’

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

‘‘नाही,’’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो.